भूगर्भाची नाडीपरीक्षा : तेलाच्या व उष्ण पाण्याच्या विहिरींची चाचणी

शेतातील विहिरीचे मोल तिच्यात आज दिसणाऱ्या पाण्यावरून ठरत नाही, हे आपल्याकडील कोणताही जाणता शेतकरी सांगेल. दोन विहिरी काठोकाठ भरलेल्या असाव्यात, दोहोंचे पाणी सायंकाळपर्यंत उपसून काढावे, आणि मग वाट पाहावी. एक विहीर रात्रीतून पुन्हा भरते. दुसरीला तीन दिवस लागतात. पहिलीचे झरे जिवंत आहेत, दुसरीचे मंद आहेत, हा निष्कर्ष त्याला सहज काढता येतो. त्यासाठी त्याला जमिनीच्या पोटात उतरावे लागत नाही. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ अशी आपल्यात म्हण आहे. परंतु आडात काय आहे याहूनही आडाच्या पलीकडे काय आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर पाणी पुन्हा कसे चढते यात दडलेले असते.

खनिज तेलाच्या आणि भूगर्भातील उष्ण पाण्याच्या विहिरींची शास्त्रीय चाचणी याच तत्त्वावर उभारलेली आहे. फरक इतकाच की येथे पाण्याच्या पातळीऐवजी दाब मोजावयाचा असतो, विहिरीची खोली दोन-तीन हजार मीटर असते, आणि निष्कर्ष अंदाजाने न काढता गणिताने काढावा लागतो. वैद्य मनगटावर बोटे ठेवून शरीराच्या आतील स्थिती जाणून घेतो, तद्वत अभियंता विहिरीच्या तळाशी दाबमापक ठेवून भोवतालच्या खडकाची स्थिती जाणून घेतो. ही नाडीपरीक्षा कशी चालते, तिच्यातून काय कळते आणि काय कळत नाही, याचा परिचय या लेखात करून द्यावयाचा आहे.

खडकातील तेल

तेलाचा साठा म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांसमोर जमिनीखालचे एखादे काळेभोर तळे उभे राहते. वस्तुतः असे तळे कोठेही नसते. तेल, वायू आणि पाणी ही सर्व खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत भरलेली असतात. पाण्यात बुडवून काढलेल्या विटेत जसे पाणी असते, तसेच हे समजावे. वालुकाश्म म्हणजे वाळूचे कण एकमेकांस चिकटून झालेला खडक. त्याच्या एकूण आकारमानाचा दहावा ते चौथा हिस्सा पोकळ असू शकतो. या पोकळीच्या प्रमाणाला सच्छिद्रता म्हणतात.

परंतु पोकळी असणे निराळे आणि त्या पोकळीतून द्रव वाहू शकणे निराळे. चिकणमातीत पोकळी पुष्कळ असते, तरीही तिच्यातून पाणी जवळजवळ वाहत नाही, कारण तिची छिद्रे अत्यंत बारीक असतात. उलट जाड्या वाळूतून पाणी झरझर निघून जाते. द्रवाला वाट देण्याच्या खडकाच्या या गुणाला पार्यता असे नाव आहे. साठ्यात तेल किती आहे हे सच्छिद्रता सांगते. ते किती वेगाने हाती येईल हे पार्यता सांगते. विहीर फायद्याची की तोट्याची, याचा निर्णय बहुधा दुसऱ्या गुणावर अवलंबून असतो.

पार्यतेचे मोजमाप प्रथम करणारा मनुष्य तेलाच्या धंद्यातील नव्हता. आँरी दार्सी हा फ्रान्समधील दिजाँ नगरीचा अभियंता. त्याने सुमारे १२ किलोमीटर अंतरावरील झऱ्याचे पाणी आपल्या गावात आणून सार्वजनिक नळ सुरू केले होते. पाणी गाळण्यासाठी वाळूचे थर किती मोठे असावेत, हा त्याच्यापुढील व्यावहारिक प्रश्न होता. तो सोडविण्यासाठी त्याने वाळूने भरलेल्या उभ्या नळकांड्यातून पाणी सोडून प्रयोग केले आणि १८५६ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध केला : वाळूतून जाणारा प्रवाह हा दोन टोकांमधील दाबाच्या फरकाच्या सम प्रमाणात आणि थराच्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात असतो. इतका साधा हा नियम आहे. आज पार्यतेच्या एककाला ‘दार्सी’ हेच नाव आहे. चांगल्या वालुकाश्माची पार्यता एका दार्सीच्या दशांशाच्या आसपास किंवा त्याहून अधिक असते. घट्ट खडकाची हजारांशाहूनही कमी असते.

भोकातून दिसणारे जग

विहिरीचे भोक तळाशी जेमतेम वीतभर रुंदीचे असते. साठा मात्र कित्येक चौरस किलोमीटर पसरलेला असू शकतो. वेधन करीत असताना खडकाचा दंडाकृती नमुना कापून वर आणता येतो आणि प्रयोगशाळेत त्याची पार्यता मोजता येते. पण हातात मावणाऱ्या तुकड्यावरून डोंगराची परीक्षा करण्यासारखेच ते आहे. १९२७ मध्ये श्लंबर्झे बंधूंनी फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे विहिरीत विद्युत् उपकरण सोडून खडकांचा रोध मोजण्याची पद्धत आरंभिली. तिचा पुढे फार विकास झाला. परंतु अशा उपकरणांची नजर सामान्यतः विहिरीच्या भिंतीपासून काही मीटरांपलीकडे पोहोचत नाही. भूकंपलहरींच्या साहाय्याने केलेल्या पाहणीत साठ्याचा आकार दिसतो, पण त्यातून द्रव वाहील किंवा नाही हे समजत नाही.

शेकडो मीटर दूरच्या खडकातून द्रव प्रत्यक्ष कसा वाहतो, हे विचारावयाचे असेल तर तो वाहवूनच पाहावे लागते. विहिरीच्या चाचणीचे महत्त्व येथेच आहे.

दाबाची पसरती लहर

विहिरीतून तेल काढू लागताच तिच्या तळाचा दाब उतरतो. ही उतरण एकाच क्षणी सर्व साठ्यात पोहोचत नाही. प्रथम भिंतीलगतचा खडक आपल्यातील तेल देतो व त्याचा दाब कमी होतो. मग त्यामागचा, मग त्याच्याही मागचा. तळ्यात खडा टाकल्यावर तरंग बाहेर सरकतात, परंतु हे साम्य वरवरचे आहे. खरे साम्य उष्णतेशी आहे. लोखंडी सळईचे एक टोक विस्तवात धरले तर उष्णता दुसऱ्या टोकाकडे हळूहळू झिरपत जाते. खडकातील दाबाचा बदल नेमका तसाच झिरपतो, आणि दोहोंचे गणितही एकच आहे.

हे साम्य ओळखून त्याचा उपयोग करणारा शास्त्रज्ञ म्हणजे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातील चार्ल्स थाइस. विहिरीचा उपसा सुरू केल्यावर भोवतालची भूजलपातळी वेळेनुसार कशी उतरेल, हा त्याचा प्रश्न होता. उष्णतेच्या वहनाचे समीकरण फ्रेंच गणिती फूर्ये याने १८२२ च्या आपल्या ग्रंथात मांडलेले होते. थाइसने क्लॅरेन्स लुबिन या गणितज्ञ मित्राचे साहाय्य घेऊन उष्णतेचे सूत्र पाण्याला लावले आणि १९३५ मध्ये ते प्रसिद्ध केले. पाण्याच्या विहिरींची चाचणी त्या दिवसापासून शास्त्राच्या पायावर उभी राहिली. आपल्याकडे भूजलाची पाहणी करताना विहिरीवर पंप चालवून पातळीची जी नोंद घेतात, तिच्यामागे हेच सूत्र आहे.

या लहरीची चाल कशी असते ते एका कल्पित उदाहरणाने पाहू. खडकाची पार्यता एक दशांश दार्सी आहे, सच्छिद्रता शेकडा २० आहे, आणि तेल पाण्याइतकेच पातळ आहे असे धरू. साधारण परिस्थितीत दाबातील बदल पहिल्या तासात सुमारे ७० मीटर दूर पोहोचतो. चार तासांत तो १४० मीटर जातो आणि चोवीस तासांत सुमारे ३४० मीटर. वेळ चौपट केली की अंतर केवळ दुप्पट होते, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. म्हणजे दूरचे पाहावयाचे तर धीर धरला पाहिजे. आणि खडक जितका घट्ट, तितका धीर अधिक हवा. आणखी एक गोष्ट यातून निष्पन्न होते. चाचणीच्या प्रत्येक घटकेला निरनिराळ्या अंतरावरील खडक आपली साक्ष देत असतो. पहिली मिनिटे विहिरीविषयी सांगतात, पुढील तास भोवतालच्या खडकाविषयी, आणि शेवटचे दिवस साठ्याच्या कडांविषयी.

चाचणी कशी घेतात

चाचणीचे अनेक प्रकार आहेत. परंतु त्यांतील मुख्य प्रकार येणेप्रमाणे आहे. विहीर ठराविक वेगाने काही तास वा काही दिवस वाहू देतात. एक दाबमापक तारेने अथवा नळीतून तळापर्यंत सोडलेला असतो. नंतर झडप लावून विहीर एकाएकी बंद करतात. उतरलेला दाब पुन्हा चढू लागतो, प्रथम भराभर आणि मग मंद गतीने. या चढत्या दाबाची नोंद हाच चाचणीचा मुख्य ऐवज होय.

वाहत्या विहिरीतील उतरता दाब का मोजत नाहीत, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. तोही मोजतात. परंतु वाहत्या विहिरीचा वेग दिवसभर अगदी एकसारखा ठेवणे फार कठीण असते, आणि वेग डळमळला की दाबही डळमळतो. विहीर बंद केली म्हणजे वेग शून्य होतो, आणि शून्य हा एकच वेग असा आहे की जो निश्चितपणे स्थिर ठेवता येतो.

अर्थात येथेही एक अडचण असते. झडप जर वर, जमिनीच्या पातळीवर असेल, तर ती लावल्यानंतरही खडकातून तेल काही काळ विहिरीत येतच राहते, कारण विहिरीच्या लांबलचक नळीतील द्रव व वायू दाबले जाऊन जागा करून देतात. त्यामुळे आरंभीच्या नोंदी खडकाच्या नसून नळीच्या असतात. यावर उपाय म्हणून झडप शक्य तेथे तळाशीच बसवतात. नवी विहीर खोदत असतानाच वेधनाच्या नळीच्या टोकाला झडप व रबरी बूच लावून एखादा थर वेगळा काढतात आणि तेवढ्याच थराची थोड्या वेळात परीक्षा घेतात.

दाबमापकाची गोष्टही मनोरंजक आहे. पूर्वी यासाठी घड्याळाची किल्ली दिलेले, पोलादी नळीत बंद केलेले यांत्रिक उपकरण वापरीत. वळणदार धातूची पोकळ नळी दाबाने उलगडे आणि तिला जोडलेली सुई काळ्या लेपाच्या पातळ पत्र्यावर रेघ ओढी. उपकरण वर काढून ती रेघ सूक्ष्मदर्शकाखाली वाचावी लागे. आता क्वार्ट्झच्या स्फटिकाच्या कंपनांवरून दाब मोजतात. शेकडो वातावरणांच्या दाबाखाली असतानाही हा स्फटिक एका वातावरणाच्या हजाराव्या भागाइतका फरक दाखवितो. वातावरण म्हणजे समुद्रसपाटीवरील हवेचा दाब. दोन हजार मीटर उंच पाण्याच्या स्तंभाखाली तो सुमारे दोनशे पट होतो.

हॉर्नरची सरळ रेषा

दाबाचे आकडे हाती आले तरी त्यांतून अर्थ कसा काढावयाचा? हेग येथे १९५१ मध्ये भरलेल्या जागतिक पेट्रोलियम परिषदेत डी. आर. हॉर्नर याने एक सोपी युक्ती मांडली. विहीर किती वेळ वाहिली त्या काळात ती बंद होऊन लोटलेला काळ मिळवावा, आणि या बेरजेला बंद काळाने भागावे. या भागाकाराचे लॉगरिदम आडव्या अक्षावर आणि दाब उभ्या अक्षावर मांडला, तर नळीचा आरंभीचा परिणाम संपल्यानंतरचे बिंदू एका सरळ रेषेत येतात. या रेषेचा उतार पार्यता सांगतो. रेषा पुढे वाढविली की विहीर अनंत काळ बंद ठेवल्यास दाब किती झाला असता, तेही वाचता येते. नव्या साठ्यात तो त्याचा मूळ दाब होय.

प्रत्यक्ष आकडेमोड करून पाहू. एका कल्पित विहिरीत तेलाचा थर १० मीटर जाडीचा आहे. खडकातील परिस्थितीत मोजल्यास दिवसाला १२० घनमीटर तेल वाहते, म्हणजे सेकंदाला सुमारे १,३९० घनसेंटिमीटर. तेलाची श्यानता, म्हणजे दाटपणा, एक सेंटिपॉइज, अर्थात साध्या पाण्याइतकी आहे. आलेखावर वेळेचे प्रमाण दहापट बदलले की दाबात २.५ वातावरणांचा फरक पडतो. सूत्र असे : ०.१८३ ला प्रवाहाने व श्यानतेने गुणावे, आणि सेंटिमीटरमधील जाडी व रेषेचा उतार यांच्या गुणाकाराने भागावे. ०.१८३ गुणिले १,३९० म्हणजे सुमारे २५४. १,००० गुणिले २.५ म्हणजे २,५००. भागाकार एक दशांश दार्सी. जमिनीखाली दोन किलोमीटरवर असलेल्या, कोणीही न पाहिलेल्या खडकाचा हा गुण आपण शाळेतील गणिताने काढला.

विहिरीची त्वचा

समजा, एका नव्या विहिरीतून फारच थोडे तेल येत आहे. खर्च कोट्यवधी रुपयांचा झाला आहे. आता निर्णय करावयाचा : विहीर सोडून द्यावी की तिच्यावर उपचार करावा? खडकच घट्ट असेल तर साधा उपचार व्यर्थ जाईल. पण खडक चांगला असून केवळ विहिरीची भिंत बुजली असेल, तर सोडून देणे म्हणजे हातचे धन टाकणे होय.

भिंत बुजण्याचे कारण वेधनाच्या पद्धतीतच असते. भोक पाडताना त्यात जड चिखल खेळता ठेवतात. तो छिन्नीला थंड ठेवतो, खडकाचा चुरा वर आणतो आणि खालच्या दाबाला आवर घालतो. हाच चिखल भिंतीतील छिद्रांत शिरून त्यांची तोंडे बंद करतो. व्हान एव्हरडिंगेन आणि हर्स्ट यांनी १९५३ मध्ये या अडथळ्याचे गणित स्वतंत्रपणे मांडले आणि त्याला ‘त्वचा’ हे नाव दिले. त्वचेचा अंक धन असेल तर विहीर बुजलेली आहे. शून्य असेल तर निर्दोष आहे. ऋण असेल तर भोवतालचा खडक मूळच्यापेक्षाही मोकळा झालेला आहे.

हॉर्नरच्या रेषेची खुबी अशी की त्वचा कितीही जाड असली तरी रेषेचा उतार बदलत नाही. केवळ बंद करण्यापूर्वीचा दाब खाली गेलेला असतो. त्यामुळे खडकाचा दोष आणि भिंतीचा दोष हे एकाच नोंदीतून वेगवेगळे करता येतात. वरील उदाहरणात त्वचेचा अंक ५ निघाला, तर सुमारे ११ वातावरणांचा दाब केवळ त्या बुजलेल्या पापुद्र्यातून जाण्यात खर्ची पडत आहे असा त्याचा अर्थ होतो. चुनखडीच्या खडकात अशा वेळी हायड्रोक्लोरिक अम्ल सोडून वाट मोकळी करतात, आणि त्यानंतर पुन्हा चाचणी घेऊन उपचाराचा गुण आला की नाही ते पाहतात.

साठ्याच्या कडा

चाचणी अधिक काळ चालू ठेवली की दाबाची लहर साठ्याच्या सीमेपर्यंत जाते. भूकवच तुटून खडकाचे थर सरकले असतील, तर अशा विभंगाच्या जागी अभेद्य भिंत उभी असू शकते. लहर तिच्यावर आदळली की आलेखावरील रेषेचा उतार दुप्पट होतो. आरशासमोर दिवा ठेवला असता दोन दिवे असल्याचा भास होतो. त्याचप्रमाणे भिंतीपलीकडे दुसरी विहीर तेवढेच तेल काढीत आहे असे मानून हे गणित करतात. उतार कोणत्या वेळी बदलला त्यावरून भिंतीचे अंतर कळते.

साठा चारही बाजूंनी बंद असेल, तर वाहत्या विहिरीचा दाब काही काळानंतर दररोज सारख्याच प्रमाणात उतरू लागतो. हौदाचे पाणी एकसारखे काढले की पातळी एकसारखी उतरते, तसेच हे आहे. आपल्या उदाहरणातील विहिरीचा दाब दिवसाला अर्ध्या वातावरणाने उतरत असेल, आणि एका वातावरणाच्या उतरणीने खडक व द्रव मिळून आपल्या आकारमानाच्या दहा हजारांश भागाच्या दीडपट द्रव देत असतील, तर भोवतालच्या छिद्रांचे एकूण आकारमान सुमारे १६ लाख घनमीटर असले पाहिजे. नव्या साठ्याच्या चाचणीनंतर दाब मूळ पातळीला परत न आल्यास अभियंत्याच्या मनात धास्ती उत्पन्न होते, ती याच कारणाने. एवढ्या थोड्या उपशाने जो साठा थकला, तो लहानच असावयाचा.

भेगाळ खडकांची तऱ्हा आणखी निराळी असते. भेगांतून द्रव धावत येतो, पण त्यांच्यात साठा थोडा. खडकाच्या अंगात साठा पुष्कळ, पण तो मंद गतीने भेगांत उतरतो. अशा दुहेरी खडकाचे गणित बॅरनब्लॅट, झेल्टॉव्ह व कोचिना या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९६० मध्ये आणि वॉरन व रूट या अमेरिकनांनी १९६३ मध्ये मांडले.

या निरनिराळ्या खुणा साध्या आलेखात एकमेकांत मिसळून जात. १९८३ मध्ये बुर्दे व त्याच्या सहकाऱ्यांनी दाबाऐवजी दाब बदलण्याच्या गतीचा आलेख काढण्याची पद्धत प्रचारात आणली. त्यामुळे प्रत्येक खुणेला स्वतःचा ठसठशीत आकार मिळाला : नळीच्या परिणामाची टेकडी, एकजिनसी खडकाचे पठार, भेगाळ खडकाची दरी, भिंतीपाशी दुप्पट उंचीवर चढलेले दुसरे पठार. ही पद्धत आज सर्वत्र रूढ आहे.

पृथ्वीच्या उष्णतेची विहीर

आतापर्यंत तेलाविषयी लिहिले. परंतु हीच विद्या भूगर्भातील वाफेला व उष्ण पाण्यालाही लागू पडते. इटलीतील लार्देरेल्लो येथे प्रिन्स पिएरो जिनोरी कोंती याने १९०४ मध्ये जमिनीतील वाफेवर यंत्र चालवून पाच विजेचे दिवे लावले. न्यूझीलंडमधील वैराकेई येथील वीजकेंद्र १९५८ मध्ये आणि अमेरिकेतील गीझर्स येथील केंद्र १९६० मध्ये सुरू झाले. तेलाच्या क्षेत्रात नाव मिळविलेल्या हेन्री रामी याने स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० नंतरच्या दशकात ही चाचणीची विद्या भूऔष्णिक साठ्यांकडे वळविली.

येथील अडचणी मात्र वेगळ्या आहेत. तापमान २०० ते ३०० अंश सेल्सियस असते, आणि त्यात नाजूक उपकरणे टिकत नाहीत. पाणी वर येताना दाब कमी झाल्यामुळे उकळते, आणि पाणी व वाफ यांचे खळाळते मिश्रण बाहेर पडते; त्याचे मोजमाप करणे सोपे नसते. म्हणून पुष्कळदा उलटी चाचणी घेतात : थंड पाणी विहिरीत ठराविक वेगाने सोडतात, मग ते थांबवून चढलेला दाब कसा उतरतो ते पाहतात. त्यातही सावध राहावे लागते, कारण थंड पाण्याने तापलेला खडक आकसतो, भेगा रुंदावतात आणि पार्यता आहे त्यापेक्षा अधिक भासू शकते.

वैराकेईचा अनुभव सर्वांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. तेथे विस्तीर्ण क्षेत्रातील विहिरींचा खोलवरचा दाब जणू एकाच हाताने ओढल्याप्रमाणे बरोबरीने उतरत गेला. सर्व विहिरी भेगांनी एकमेकींशी मोकळेपणाने जोडलेल्या आहेत, हे त्यावरून सिद्ध झाले. मूळ दाबातून वीसहून अधिक वातावरणे कमी झाली, जवळच्या खोऱ्यातील नैसर्गिक उष्ण कारंजी लोपली, आणि एका भागात जमीन १४ मीटरांहून अधिक खचली. गीझर्स येथे १९८० नंतरच्या दशकात केंद्रे झपाट्याने वाढविली आणि वाफेचा दाब घसरला. उष्णता खडकात शिल्लक होती, पण ती वाहून आणणारे पाणी संपत चालले होते. यावर उपाय म्हणून जवळच्या वस्त्यांचे शुद्ध केलेले सांडपाणी १९९७ पासून, आणि सान्ता रोझा नगराचे २००३ पासून, नळांनी आणून तेथे जमिनीत सोडण्यात येऊ लागले. दाबाच्या नोंदी नियमित ठेवल्या म्हणूनच रोगाचे निदान झाले, आणि उपचारही सुचला.

भारतातील स्थिती

भारतात आसाममधील दिग्बोई येथे १८८९ मध्ये तेल लागले. स्वातंत्र्यानंतर १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोगाची स्थापना झाली. १९५८ मध्ये खंबायतजवळ लुणेज येथे आणि १९६० मध्ये अंकलेश्वर येथे तेल सापडले. १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजाने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर, समुद्रतळाखाली तेल शोधून काढले आणि १९७६ मध्ये तेथून उत्पादन सुरू झाले. ‘बॉम्बे हाय’ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या या क्षेत्रातील मुख्य थर चुनखडीचा आहे. चुनखडीचा खडक क्वचितच एकजिनसी असतो, म्हणून तेथे प्रत्येक विहिरीची स्वतंत्र परीक्षा करणे अगत्याचे ठरते. तेलसाठ्यांच्या अभ्यासासाठी अहमदाबाद येथे १९७८ मध्ये एक स्वतंत्र संस्था स्थापन झाली.

उष्ण पाण्याच्या बाबतीत लडाखमधील पूगा खोरे सर्वांत आशादायक मानले जाते. समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरांहून उंच असलेल्या या खोऱ्यात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने १९७० नंतरच्या दशकात विवरे खोदली आणि त्यांतून उष्ण पाणी व वाफ बाहेर आली. परंतु ती विवरे चारशे मीटरांच्या आतच होती. २०२१ च्या फेब्रुवारीत तेथे अधिक खोदकाम करून १ मेगावॉटपर्यंतचे प्रायोगिक केंद्र उभारण्यासाठी करार झाला. कोकणातही ठाणे-पालघर भागातील वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून दक्षिणेस राजापूरपर्यंत उष्ण झऱ्यांची एक ओळच आहे. झऱ्याचे पाणी ऊन आहे, एवढ्यावरून खाली वीज निर्माण करण्याजोगा साठा आहे असे म्हणता येत नाही. खडकात पाण्याला वाट किती आहे आणि दाब किती काळ टिकेल, हे विहीर खोदून तिची चाचणी घेतल्यावरच कळेल.

मर्यादा

शेवटी या पद्धतीच्या मर्यादा सांगणे अवश्य आहे. दाबाच्या एकाच आलेखाला एकाहून अधिक स्पष्टीकरणे लागू पडू शकतात. उतार दुप्पट झाला तो विभंगामुळे, की दूरचा खडक घट्ट आहे म्हणून? नुसता आलेख याचे उत्तर देत नाही. भूवैज्ञानिकाचा नकाशा, खडकाचे नमुने, शेजारच्या विहिरींच्या नोंदी यांचा मेळ घातला पाहिजे. एका विहिरीतून द्रव काढून दुसरीत दाब मोजण्याची पद्धतही येथे फार उपयोगी पडते, कारण दोहोंच्या मधला खडक जोडलेला आहे की तुटलेला, याचा निर्वाळा तिने मिळतो.

चाचणीला खर्चही पडतो. बंद ठेवलेली विहीर तितके दिवस उत्पन्न देत नाही, आणि समुद्रातील जहाजाचे एका दिवसाचे भाडे फार मोठे असते. म्हणून चाचणी लवकर आटोपण्याचा मोह होतो. पण लहर कडेपर्यंत पोहोचण्यापूर्वीच नोंद थांबविली, तर लहान साठाही अमर्याद भासतो, आणि त्या भरवशावर उभारलेले नळ, कारखाने व वीजकेंद्रे पुढे रिकामी राहतात. जमिनीच्या पोटातील तेल काही लाख पिढ्यांच्या काळात साठलेले असते, आणि वाफेचे क्षेत्र अविचाराने उपसले तर ते पूर्वपदाला येण्यास माणसाच्या कित्येक पिढ्या लागतात. अशा धनाचा उपयोग करण्यापूर्वी ते किती आहे, कोणत्या गतीने घ्यावे आणि कोठे थांबावे, हे त्यालाच विचारून घेणे शहाणपणाचे आहे. झडप बंद करून काही तास किंवा काही दिवस शांतपणे वाट पाहणे, ही ते विचारण्याची रीत होय.